पर्यावरणीय संकट आणि धम्मशिक्षकाचे प्रशिक्षण : एक चिकित्सा

प्रास्ताविक

जागतिक हवामानशास्त्र संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे वर्ष औद्योगिकीकरणपूर्व काळाच्या तुलनेत सरासरी दीड अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण ठरले. या संकटाचा विचार आता केवळ हवामानशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि राज्यकर्ते यांच्यापुरता राहिलेला नाही. धर्मसंस्था आणि ध्यानपरंपराही त्यात सहभागी झाल्या आहेत. बौद्ध परंपरेत या सहभागाला अलीकडे एक विशिष्ट रूप प्राप्त झाले आहे, ते म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे. धम्माचे अध्यापन करणारे भिक्खू व उपासक-आचार्य, तसेच रुग्णालये, शाळा आणि कार्यालये यांतून सजगतेचे वर्ग घेणारे धर्मनिरपेक्ष मार्गदर्शक यांना या संकटाविषयी बोलता यावे, साधकांच्या मनातील भय व निराशा हाताळता यावी आणि त्यांना कृतीकडे वळविता यावे, असा या प्रशिक्षणांचा हेतू असतो. पालीतील ‘सति’साठी मराठीत ‘स्मृती’ हा शब्द रूढ आहे. परंतु ‘माइंडफुलनेस’ या आधुनिक अर्थाने प्रस्तुत लेखात ‘सजगता’ हा शब्द योजिला आहे.

हा हेतू स्तुत्य आहे, याविषयी दुमत नसावे. तथापि शिक्षक ज्या प्रश्नापासून आरंभ करावयास शिकतो, त्याच प्रश्नापासून पुढे त्याचे शेकडो विद्यार्थी आरंभ करतात. म्हणून या प्रशिक्षणांचा आरंभबिंदू कोणता, याची विचारणा येथे केली आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : प्रचलित प्रशिक्षणे बव्हंशी साधकाच्या स्वतःच्या अस्वस्थतेपासून आरंभ करतात, विनयपिटक, थायलंडमधील वनरक्षक भिक्खू आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा बौद्धविचार यांचा आरंभ मात्र दुसऱ्याच्या तक्रारीपासून होतो. प्रशिक्षणाचे नैतिक मूल्य या फरकावर अवलंबून आहे.

प्रचलित प्रशिक्षणांचे स्वरूप

या क्षेत्रातील तीन प्रवाह ठळक आहेत. पहिला प्रवाह अमेरिकन बौद्ध विदुषी जोआना मेसी (१९२९-२०२५) यांच्या कार्यातून निघाला. अण्वस्त्रस्पर्धेच्या काळात लोकांच्या मनात दडपलेली निराशा मोकळी झाल्यावाचून ते कृतीस सिद्ध होणार नाहीत, हा त्यांचा मूळ सिद्धान्त. ‘डिस्पेअर अँड पर्सनल पॉवर इन द न्यूक्लिअर एज’ (१९८३) या ग्रंथात त्यांनी तो मांडला आणि पुढे तोच पर्यावरणीय संकटास लावला. त्यांच्या कार्यशाळेचे चार टप्पे प्रसिद्ध आहेत : कृतज्ञता, जगासाठी होणाऱ्या वेदनेचा आदर, नव्या दृष्टीने पाहणे आणि पुढे निघणे. १९९० च्या दशकात उत्तर कॅलिफोर्नियातील रेडवूड वृक्षांच्या तोडीस विरोध करणाऱ्या झेन साधकांनी स्वतःस ‘इकोसत्त्व’ म्हणवून घेतले होते. बोधिसत्त्वाच्या कल्पनेवरून घडविलेले हे नाव पुढे रूढ झाले. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘वन अर्थ संघ’ या अमेरिकन संस्थेचा गटागटांनी करावयाचा अभ्यासक्रमही ‘इकोसत्त्व प्रशिक्षण’ या नावाने ओळखला जातो.

दुसरा प्रवाह व्हिएतनामी आचार्य थिक न्हात हान्ह (१९२६-२०२२) यांचा. प्रतीत्यसमुत्पादाची त्यांनी ‘परस्परांतर्गत असणे’ अशा सुबोध भाषेत पुनर्मांडणी केली. कागदाच्या तुकड्यात ढग, पाऊस आणि सूर्य पाहावयास शिकविणारे त्यांचे उदाहरण जगभर परिचित आहे. त्यांच्या परंपरेने पंचशीलाचे ‘पाच सजगता-प्रशिक्षणे’ असे रूपांतर केले आणि उपभोगाचा व पृथ्वीच्या तापमानवाढीचा विचार त्यांत आणला. त्यांच्या विहारांनी २००७ मध्ये दुग्धजन्य पदार्थांचाही त्याग केला. शीलाच्या अंगाने पाहता या तिन्ही प्रवाहांत हा सर्वांत भरीव ठरतो.

तिसरा प्रवाह धर्मनिरपेक्ष सजगतेचा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात तणावनिवारणासाठी सुरू केलेल्या उपक्रमातून तो वाढला. ‘माइंडफुलनेस इनिशिएटिव्ह’ या ब्रिटिश संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रीकनेक्शन’ या अहवालात हवामानसंकटाचे मूळ माणसाचे स्वतःशी, इतरांशी व निसर्गाशी असलेले नाते तुटण्यात आहे, अशी मांडणी आढळते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील क्रिस्टीन वाम्सलर यांनीही सजगता व शाश्वतता यांच्या संबंधांवर विपुल लेखन केले आहे. अशा संबंधांविषयीचे बरेचसे अभ्यास मात्र व्यक्तींनी स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवर आधारलेले आहेत. ध्यान करणारी व्यक्ती निसर्गाविषयी अधिक आस्था व्यक्त करते, एवढे त्यांतून दिसते. ती आस्था उत्सर्जनात वा सार्वजनिक निर्णयात कितपत उतरते, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

दुःख कोणाचे?

या तिन्ही प्रवाहांत एक समान धागा दिसतो. प्रशिक्षणार्थी प्रथम स्वतःच्या मनाकडे वळविला जातो. बातम्या वाचून येणारी हतबलता, पुढील पिढीविषयीची काळजी, नष्ट होणाऱ्या प्रजातींविषयीचा शोक, हा त्याचा कच्चा माल. या भावना खोट्या आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या कोणाच्या आहेत, हे विचारणे आवश्यक आहे. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार २०१९ मधील एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ४८ टक्के उत्सर्जन जगातील वरच्या दहा टक्के लोकांकडून झाले. खालच्या निम्म्या लोकसंख्येचा वाटा सुमारे १२ टक्के होता. शुल्क भरून ध्यानशिबिरास जाऊ शकणारा पाश्चात्त्य साधक सामान्यतः पहिल्या गटात किंवा त्याच्या निकट असतो. संकटाचा घाव मात्र प्रथम दुसऱ्या गटावर पडतो. अशा स्थितीत प्रशिक्षणाने साधकाच्या वेदनेपासून आरंभ केला, तर ज्याच्यामुळे दुःख होते त्याच्याच दुःखाची शुश्रूषा प्रथम होते.

रोनाल्ड पर्सर यांनी ‘मॅकमाइंडफुलनेस’ (२०१९) या ग्रंथात बाजारपेठेने सजगतेस कसे आपलेसे केले, यावर कठोर टीका केली आहे. तणावाची कारणे व्यवस्थेत असतात आणि उपाय व्यक्तीच्या श्वासात शोधला जातो, हा त्यांचा आक्षेप पर्यावरणाच्या संदर्भातही लागू पडतो. डेव्हिड लॉय यांच्या ‘इकोधर्म’ (२०१९) या ग्रंथाने हा आक्षेप अंशतः मान्य करून लोभ, द्वेष व मोह ही तीन अकुशल मुळे आज संस्थांच्या रूपाने वावरतात, असे प्रतिपादन केले. हे प्रतिपादन मोलाचे आहे. परंतु संस्थात्मक लोभ ओळखण्यासाठी शिक्षकाने नेमके कोठे जावे, कोणाचे ऐकावे, याचे प्रशिक्षण केवळ तत्त्वचर्चेतून मिळत नाही.

येथे एक ऐतिहासिक बाब लक्षात घेतली पाहिजे. ज्या दोन आचार्यांच्या नावे आज ही प्रशिक्षणे चालतात, त्यांची स्वतःची जडणघडण निवांत शिबिरांत झाली नव्हती. थिक न्हात हान्ह यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास सायगावमध्ये समाजसेवेसाठी युवकांची शाळा उभारली. तिचे स्वयंसेवक बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या खेड्यांत घरे, शाळा व दवाखाने उभे करीत. त्यांपैकी काहींना प्राणही गमवावे लागले. ‘परस्परांतर्गत असणे’ ही कल्पना नावात धारण करणारा त्यांचा संप्रदाय १९६६ मध्ये याच युद्धाच्या धुमश्चक्रीत स्थापन झाला. मेसी यांनीही श्रीलंकेत राहून ए. टी. अरियरत्ने यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या सर्वोदय श्रमदान चळवळीचा अभ्यास केला व त्यावर ‘धर्म अँड डेव्हलपमेंट’ (१९८३) हा ग्रंथ लिहिला. त्या चळवळीत गावकरी एकत्र बसून गावाची निकड ठरवीत आणि मग रस्ता वा कालवा खोदीत. या प्रशिक्षणांचा उगम अशा रीतीने खेड्यांत, दुसऱ्याच्या निकडीत आहे. पश्चिमेकडील ध्यानकेंद्रांत ती रुजली, तेव्हा पद्धत टिकली आणि खेडे गळाले, असे म्हणावे लागते.

विनयपिटकाचा आरंभबिंदू

बौद्ध परंपरेत प्रशिक्षणासाठी ‘सिक्खा’ हा शब्द आहे. शील, समाधी व प्रज्ञा या तीन सिक्खा होत. पर्यावरणविषयक बौद्ध लेखन समाधी व प्रज्ञा यांचा आधार वारंवार घेते. शीलाचा विस्तार ज्या विनयपिटकात आहे, त्याकडे मात्र ते क्वचितच वळते. वस्तुतः नियम कसे घडतात याची विनयातील हकीकत या विषयात अत्यंत उद्बोधक आहे.

वर्षावासाचा नियम घ्या. महावग्गातील निवेदनानुसार भिक्खू हिवाळा, उन्हाळा व पावसाळा अशा तिन्ही ऋतूंत फिरत असत. लोकांनी तक्रार केली की, हे श्रमण पावसाळ्यातही कोवळे गवत तुडवितात, एकेंद्रिय जीवांस पीडा देतात आणि अनेक लहान प्राण्यांचा घात करतात. अन्य पंथांचे परिव्राजक एका जागी थांबतात, पक्षीसुद्धा घरटी बांधून राहतात. ही तक्रार बुद्धांच्या कानी गेली आणि वर्षावासाचा नियम झाला. आळवी येथील भिक्खू बांधकामासाठी झाडे तोडू लागले, तेव्हाही लोकांनी नापसंती दर्शविली आणि वनस्पतींच्या नाशास बंदी करणारा पाचित्तिय नियम आला. त्याच आळवीत भिक्खूंनी कुटी बांधण्यासाठी मजूर, बैल, गाड्या, लाकूड, माती यांची इतकी मागणी केली की लोक त्यांना पाहून पळू लागले. पिटककार सांगतात, दुरून गाय दिसली तरी भिक्खू आला असे समजून लोक वाट बदलत. त्यानंतर कुटीची लांबी-रुंदी निश्चित करण्यात आली आणि जीवजंतूंचा निवास नसलेलीच जागा बांधकामास घ्यावी, ती इतर भिक्खूंनी पाहून मान्य करावी, असे ठरले.

या हकीकतींत एक क्रियापद पुन्हा पुन्हा येते, ‘उज्झायन्ति’, म्हणजे लोक कुरकुर करतात, दोष देतात. नियमाचा जन्म भिक्खूच्या ध्यानातील साक्षात्कारातून होत नाही. तो बाहेरच्या माणसाच्या कुरकुरीतून होतो. भिक्खूची जबाबदारी ही की त्याने ती कुरकुर ऐकावी, संघापुढे आणावी आणि संघाने आपले वर्तन बदलावे. नियमाचा विषयही व्यक्तीचा मनोभाव नसून संघाचा एकत्रित उपभोग आहे : किती जागा, किती लाकूड, किती फिरणे. वस्त्रांच्या बाबतीतही हेच दिसते. राजा उदेनाने पाचशे चीवरांचे काय कराल असे विचारले असता आनंदाने जुन्या चीवरांचे आच्छादन, आच्छादनाचे पायपुसणे आणि अखेर चिंध्या कुटून त्यांचा गिलाव्यात उपयोग, असा हिशेब दिला. हा प्रसंग चुल्लवग्गात आहे. हिशेब मागण्याचा बाहेरच्यास अधिकार आहे आणि तो देणे ही संघाची शिक्षा आहे, असा त्याचा आशय.

यावर एक विद्वत्तापूर्ण आक्षेप संभवतो. लाम्बर्ट श्मिटहाउझेन व इयान हॅरिस यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, प्रारंभिक बौद्ध मताचे अंतिम ध्येय संस्कृत धर्मांपासून मुक्ती हे आहे, आणि त्यात आधुनिक परिसंस्थेची कल्पना शोधणे हा काळविपर्यास ठरतो. हा आक्षेप रास्त आहे. विनयकारांना जैवविविधता ठाऊक होती असा दावा येथे केलेला नाही. घेण्यासारखी गोष्ट आशयाची नसून पद्धतीची आहे.

परंतु पद्धतीलाही मर्यादा आहे, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. विनयात तक्रार करणारे नेहमी दुर्बल नसतात. राजाच्या सैनिकांना, कर्जदारांना आणि दासांना प्रव्रज्या देऊ नये, असेही नियम झाले. सैनिकांविषयीच्या नियमामागे सत्ताधाऱ्यांची नाराजी होती. कर्जदार व दास यांच्या बाबतीत सावकार आणि मालक यांचे हितसंबंध जपले गेले. तक्रार ऐकणे हे आवश्यक असले, तरी पुरेसे नाही. कोणाची तक्रार ऐकली गेली, हा प्रश्न उरतोच. आधुनिक काळात तो थायलंडमध्ये विशेष तीव्रतेने उभा राहिला.

थायलंडचा अनुभव

नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये महापूर आला, उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवरून दरडी कोसळल्या आणि अनेक गावे गाडली गेली. जानेवारी १९८९ मध्ये शासनाने व्यापारी जंगलतोडीवर बंदी घातली. याच सुमारास उत्तरेकडील फायाव प्रांतातील फ्राखू मनास यांनी वृक्षास चीवर गुंडाळण्याचा विधी केला. वृक्षप्रव्रज्या या नावाने तो प्रसिद्ध झाला. वृक्ष खरोखर भिक्खू होत नाही, हे विधी करणारे भिक्खूही स्पष्ट सांगतात; चीवर गुंडाळलेल्या झाडावर कुऱ्हाड चालविणे श्रद्धावान माणसास जड जावे, एवढाच त्याचा हेतू. नान प्रांतातील फ्राखू पितक यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी हा विधी गावच्या सामूहिक वनाच्या नियमांशी जोडला. सुसान डार्लिंग्टन यांच्या ‘द ऑर्डिनेशन ऑफ अ ट्री’ (२०१२) या अभ्यासात या चळवळीचे तपशीलवार चित्र आहे. त्यातून दिसते की विधी हा कामाचा लहानसा भाग होता. गावकऱ्यांशी बोलणे, कर्जबाजारी करणाऱ्या नगदी पिकास पर्याय शोधणे, नदीत मासेमारीस बंदी असलेले पट्टे ठरविणे, वनसमिती नेमणे, हे त्याच्या आधी व नंतर होते.

या भिक्खूंचे प्रशिक्षण एखाद्या अभ्यासक्रमाने झाले नाही. सेखियधम्म यासारख्या जाळ्यांतून ते एकमेकांस भेटत, अनुभव सांगत. त्यांना मोलही द्यावे लागले. बुरीरम प्रांतातील फ्रा प्रचक यांना १९९१ मध्ये चीवर अंगावर असतानाच अटक झाली. २००५ मध्ये चिआंग माई प्रांतातील फांग येथे फ्रा सुपोज यांची हत्या झाली. शिक्षकाने संकटास ‘प्रतिसाद’ देणे म्हणजे काय, याची जाणीव ही दोन उदाहरणे करून देतात.

तथापि या चळवळीचे गौरवीकरण करूनही चालणार नाही. चिआंग माईच्या माए सोई खोऱ्यात फ्रा फोंगसाक यांनी खालच्या गावांच्या पाण्यासाठी उगमक्षेत्रातील वन राखण्याचे मोठे काम केले. खालच्या शेतकऱ्यांची तक्रार खरी होती. ओढे आटत होते. परंतु वर राहणाऱ्या म्होंग जमातीच्या कोबीच्या शेतीस दोषी ठरवून त्यांना तेथून हलविण्याच्या मागणीस त्यांनी पाठिंबा दिला, काटेरी तारांचे कुंपणही उभे राहिले. म्होंग लोक बौद्ध नव्हते, थायभाषक नव्हते आणि भिक्खूच्या सभेत त्यांची बाजू मांडणारे कोणी नव्हते. वन वाचविण्याची भाषा कोणास हुसकावण्याची भाषा केव्हा होते, हे ओळखण्याचे शिक्षण करुणेच्या ध्यानातून आपोआप मिळत नाही.

याच्या जोडीला हिमालयातील एका प्रयत्नाचा उल्लेख करणे उचित ठरेल. सतरावे कर्मापा ओग्येन त्रिनले दोर्जे यांनी २००८ मध्ये आपल्या परंपरेतील विहारांसाठी वन, पाणी, वन्यजीव, कचरा आणि हवामानबदल या पाच विषयांवर मार्गदर्शिका दिली. २००९ मध्ये त्यातून ‘खोरयुग’ हे भिक्खू-भिक्खुणींच्या विहारांचे जाळे उभे राहिले. येथे प्रशिक्षणाचा घटक एकटा साधक नसून विहार आहे. विहाराचे सरपण, विहाराचे सांडपाणी, विहाराचा कचरा यांपासून विचार सुरू होतो. आळवीच्या कुटीची आठवण येथे होते.

आंबेडकरांचा प्रश्न

कोणाची तक्रार, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर महाराष्ट्रात घडलेल्या बौद्धविचाराने दिले आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत डॉ. आंबेडकरांनी जे मूलभूत प्रश्न उपस्थित केले, त्यांतील एक थेट प्रशिक्षणाविषयी आहे : बुद्धांनी भिक्खू निर्माण केला तो परिपूर्ण मनुष्य घडविण्यासाठी की लोकांची सेवा करणारा समाजसेवक घडविण्यासाठी? पहिला हेतू असेल तर भिक्खूचा धम्मप्रसारास उपयोग नाही, असे त्यांनी सूचित केले. १९५० मध्ये महाबोधी सभेच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखातही संघाच्या तत्कालीन उदासीनतेवर त्यांनी टीका केली होती. पर्यावरणीय प्रशिक्षणांना हाच प्रश्न लावून पाहिला, तर शांत, लवचीक, न थकणारा साधक घडविणे हे साध्य आहे की साधन, याचा निर्णय करावा लागतो.

याच ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण शाक्य व कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे सांगितले आहे. त्यापूर्वी धर्मानंद कोसंबी यांनीही ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात चार निमित्तांची पारंपरिक कथा बाजूस ठेवून अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे माणसांमाणसांतील कलह हे कारण पुढे केले होते. म्हातारा, रोगी व प्रेत पाहून आलेले वैराग्य आणि पाण्याच्या वाटपावरील संघर्षात घेतलेली भूमिका, यांतून दोन निरनिराळ्या प्रकारचे शिक्षक घडतात. पहिला अनित्यतेचा धडा देईल. दुसरा पाणी कोणास किती, हे विचारील.

पाण्याचा प्रश्न येथे रूपक नाही. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, तरी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर १०८ घागरी पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. निसर्गाच्या शुद्धतेची भाषा आपल्याकडे किती सहज माणसाच्या अशुद्धतेची भाषा बनते, याचे हे जळजळीत उदाहरण होय. मुकुल शर्मा यांनी ‘कास्ट अँड नेचर’ (२०१७) या ग्रंथात भारतीय पर्यावरणविचारातील जातीच्या या विस्मरणाची चिकित्सा केली आहे. ज्यांच्या पूर्वजांना पाणवठा नाकारला गेला, मेलेले जनावर ओढावे लागले, ज्यांच्या वस्तीस गावाबाहेरची जागा मिळाली आणि ज्यांना गायरानाच्या तुकड्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये सत्याग्रह करावे लागले, त्यांच्यापुढे ‘निसर्गाशी तुटलेले नाते पुन्हा जोडा’ असे सांगणारा शिक्षक उभा राहिला, तर त्याने प्रथम हे नाते कोणी व कसे तोडले, हे ऐकावयास हवे. त्यांचे नाते तुटलेले नव्हते. ते सक्तीचे होते.

महाराष्ट्रात शिक्षक-प्रशिक्षणाची यंत्रणा अस्तित्वात आहे, हेही ध्यानात घ्यावे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरे व बौद्धाचार्यांची परंपरा आहे. नागपूरच्या नागलोक परिसरात देशाच्या विविध भागांतील तरुणांना धम्म व आंबेडकरी विचार यांचे निवासी शिक्षण दिले जाते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. म्हणजे वर्षावास आजही जिवंत आहे, आणि तो नेमका पावसाळ्यात येतो. जो नियम पावसाळ्यात तुडविल्या जाणाऱ्या गवताच्या तक्रारीतून जन्मला, त्याच काळात वस्तीत पाणी कोठून येते, गायरान कोणाच्या ताब्यात आहे, उन्हाळ्यात कामावर कोण आजारी पडले, या तक्रारी ऐकण्याची, लिहून घेण्याची आणि ग्रामसभेपुढे नेण्याची जोड वाचनास देणे अशक्य नाही. यासाठी परदेशी अभ्यासक्रम आयात करण्याची गरज नाही.

प्रतिवाद व समन्वय

येथे मेसी यांच्या बाजूने एक गंभीर प्रतिवाद करता येतो. दुसऱ्याचे दुःख ऐकण्यासाठी स्वतःचे मन स्थिर लागते. भयभीत माणूस तक्रार ऐकत नाही, तो कान बंद करतो. दीर्घकाळ चळवळीत असलेले कार्यकर्ते थकून, कडवट होऊन बाहेर पडतात, हेही आपण पाहतो. हा प्रतिवाद प्रस्तुत लेखकास मान्य आहे. समाधीच्या सिक्खेचे स्थान त्यामुळे अबाधित राहते. मतभेद क्रमाविषयी व कसोटीविषयी आहे. ध्यान हे ऐकण्याची क्षमता वाढविण्यासाठी असेल, तर प्रशिक्षणात ऐकण्याचे प्रत्यक्ष स्थान असले पाहिजे. मन शांत झाले की करुणा आपोआप कृतीत उतरेल, या गृहीतकास माए सोईच्या कुंपणाने उत्तर दिलेले आहे. तेथील आचार्याची साधना कमी नव्हती. त्याच्या सभेत एक माणूस कमी होता.

निष्कर्ष

१. पर्यावरणीय संकटासाठी बौद्ध व सजगता-शिक्षकांना प्रशिक्षित करण्याची चळवळ स्वागतार्ह आहे. परंतु साधकाच्या अस्वस्थतेस दिलेले अग्रस्थान तिला उपचारापुरते सीमित करते.

२. विनयपिटकातील नियमनिर्मितीची पद्धत, म्हणजे बाहेरच्याची तक्रार, संघाची चर्चा आणि सामूहिक उपभोगावर मर्यादा, हा प्रशिक्षणाचा अधिक सकस नमुना आहे. तिला ‘कोणाची तक्रार ऐकली गेली नाही’ या प्रश्नाची जोड हवी.

३. प्रशिक्षणाचा घटक व्यक्तीबरोबरच विहार, ध्यानकेंद्र वा संस्था हा असावा, आणि तिचे पाणी, ऊर्जा व जमीन यांचा हिशेब हा अभ्यासक्रमाचा भाग असावा.

४. प्रशिक्षणाच्या यशाची कसोटी प्रशिक्षणार्थीच्या समाधानात न शोधता कोणता निर्णय बदलला, कोणता नियम झाला, यात शोधावी.

५. महाराष्ट्रातील आंबेडकरी बौद्ध परंपरेस या क्षेत्रात केवळ शिकावयाचे नाही. दुःखाचा सामाजिक अर्थ सांगून तिला जगास काही शिकवावयाचेही आहे.

आळवीचे लोक भिक्खूस पाहून वाट बदलू लागले, तेव्हा संघाने लोकांना शांत राहण्याचा उपदेश केला नाही. आपली कुटी लहान केली. पर्यावरणीय संकटाच्या काळात धम्मशिक्षकाने प्रथम शिकावयाचा धडा बहुधा हाच असावा.